तांडेल : आडनाव की हुद्दा?

आजोबांच्या आगबोटीवरील जुन्या दाखल्यात नावापुढे ‘तांडेल’ लिहिले आहे, ते आडनाव समजावे की हुद्दा, असे आपण विचारले आहे. घरात दुसरे आडनाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असेल, तर तो हुद्दाच आहे, असे माझे मत आहे. ब्रिटिश आगबोटींवर डेकवरील हिंदी खलाशांचा प्रमुख सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, चाक धरणारा सुकाणी आणि कोठार सांभाळणारा कसब अशी उतरंड असे. इंजिनखात्याचा सारंग आणि तांडेल निराळे. मासेमारीच्या बोटीवर मात्र हाच शब्द वरच्या पायरीवर जातो. तेथे नाखवा बहुधा मालक असतो, आणि जाळे कोठे टाकायचे, वारा फिरल्यास केव्हा परतायचे, हे तांडेल ठरवतो. म्हणून आजोबांना एकदम कप्तान म्हणू नये, पण साधे खलाशीही म्हणू नये.

आपला प्रश्न वाचून राहवले नाही, कारण याच शब्दाने आमच्या घराला फार मनस्ताप दिला आहे. माझे वडील ट्रॉलरवर तांडेल होते. पालघरपासून दमण-वलसाडपर्यंत तांडेल हे आडनावही सर्रास आढळते. तेवढ्यावरून एका कार्यालयातील लेखनिकाने अर्जातील व्यवसायाच्या रकान्यातला शब्द उचलून आडनावाच्या रकान्यात बसवला. वडील गेल्यावर आईने विम्याचा दावा केला, तेव्हा ओळखपत्रावरील आणि मृत्यूच्या दाखल्यावरील माणूस एकच कशावरून, असे विचारून त्याच कार्यालयाने नावबदलाचे राजपत्र मागितले. ज्या माणसाने हयातीत नाव बदललेच नाही, त्याचे राजपत्र त्याच्या पश्चात कोण काढणार, या प्रश्नाला तेथे कोणीही उत्तर दिले नाही. अखेर शाळा सोडल्याचा दाखला, मच्छीमार सहकारी संस्थेचे पत्र आणि आईचे प्रतिज्ञापत्र एकत्र जोडल्यावर दावा पुढे सरकला.

मी वकील नाही आणि प्रत्येक ठिकाणचा अनुभव वेगळा असू शकतो. तरीही कोणी कितीही आग्रह केला तरी ‘ऊर्फ तांडेल’ असे कोठेही लिहून देऊ नये, असे मी निक्षून सांगेन. एकदा ‘ऊर्फ’ लागले की पुढच्या प्रत्येक कागदावर त्याचा खुलासा करावा लागतो. आजोबांच्या दाखल्यावर हुद्द्याचा स्वतंत्र रकाना आहे का, तो कोरा आहे का, हे आधी पाहावे. आणि तो जुना कागद कृपया लॅमिनेट करू नये. मागील बाजूचे शिक्के तपासायला मूळ कागद हाती घ्यावा लागतो.