कॉबचे केस : कापावेत की वाढवावेत?

शरद ऋतू लागला की कॉब, म्हणजे ठेंगण्या आणि भक्कम बांध्याच्या घोड्यांच्या केसांविषयीचे प्रश्न वाढतात, आणि त्यातला गोंधळ दरवर्षी तोच असतो. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत. केस ठेवायचे की काढायचे, हे मी घोडा लांबून बघून सांगत नाही. केसांत बोटं घालून कातडी चाचपते आणि मग बोलते. हा मजकूर वाचल्यावर तुम्हीही आधी तेवढं करा.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या कॉब घोडीची आयाळ आधीच्या मालकाने पूर्ण भादरली होती. मला लांब आयाळ आवडते, पण पुढच्या वर्षी तिला शोमध्येही उतरवायचं आहे. वाढवू का?

आधी शोमधल्या कोणत्या वर्गात उतरवायचं ते ठरवा. ब्रिटनमधल्या शो कॉबच्या वर्गात आयाळ भादरलेली आणि पायांचे केस साफ केलेले लागतात. उंची 148 सेंटिमीटरच्या वर आणि 155 सेंटिमीटरपर्यंत. पारंपरिक कॉबच्या वर्गात याच्या उलट, आयाळ, शेपूट आणि फेदर, म्हणजे खुरांवरचे लांब केस, नैसर्गिक ठेवतात. अर्धवट वाढलेली आयाळ दोन्हीकडे अडचणीची. भादरलेली आयाळ आधी कित्येक महिने ताठ उभी राहते, मग हळूहळू एका बाजूला कलते. मानेवर नीट लोळायला दोनेक वर्षं धरा. म्हणजे पुढच्याच वर्षी उतरायचं असेल तर भादरलेलीच ठेवा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी यंत्र फिरवा.

मात्र आयाळ गेली की मानेचं माश्या, चिलटं आणि पाऊस यांपासूनचं संरक्षणही जातं. घोडीला उन्हाळ्यात मान आणि शेपटीचा दांडा घासायची सवय असेल तर तो स्वीट इच असू शकतो, म्हणजे चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी. अशा घोड्याची आयाळ काढली की कातडीला औषध लावणं सोपं होतं, पण चिलटांना मोकळं रानही मिळतं. तो निर्णय तुमच्या पशुवैद्यांनी घोडी बघून घ्यायचा.

प्रश्न : एकदा भादरलं की केस जास्त दाट आणि जाड येतात, हे खरं का?

नाही. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, पातं तिथवर पोहोचत नाही.

प्रश्न : आमचा कॉब रात्री तबेल्यात पाय आपटतो आणि मागच्या पायाला दाताने खाजवतो. शेजारच्या पागेतल्या बाईंनी पिग ऑइलमध्ये गंधक कालवून लावायला सांगितलं. तीन महिने लावतोय, थोडं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. पायांचे केस काढा असं एकाने सुचवलं, पण हे फेदर वाढायला तीन वर्षं लागलीत. जीव होत नाही.

तीन महिने हे वाचून मला फार वाईट वाटलं. तुम्ही हयगय केलेली नाही, रोज खाली बसून तेल चोळलंत. पण त्या तीन महिन्यांत केसांखाली काय चाललंय हे कुणीच बघितलं नाही.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून पहिला संशय कोरिऑप्टिस या माइटचा. डोळ्यांना जेमतेम दिसेल असा हा किडा कातडीच्या पृष्ठभागावर राहतो आणि मेलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. घनदाट फेदर म्हणजे त्याला ऊब, ओल आणि आडोसा एकाच जागी. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला साधारण तीन आठवडे लागतात, आणि घोड्याच्या अंगावरून गळून पडला तरी गवत-भुशाच्या बिछान्यात तो कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. तुमचं ‘थोडं बरं, मग पुन्हा तेच’ यातूनच येतं. वरवरच्या उपायाने काही किडे मरतात, अंडी राहतात, बिछाना तसाच राहतो, शेजारच्या घोड्यावर कुणी उपचार करत नाही.

आता तेलाबद्दल. पिग ऑइल या नावाने विकलं जाणारं तेल बहुतेक वेळा खनिज तेल असतं. धडधाकट कातडीवरच्या स्वच्छ फेदरला चिखल चिकटू नये म्हणून लोक ते लावतात, त्याला माझी हरकत नाही. पण खपल्या धरलेल्या, चिरलेल्या कातडीवर ते औषध म्हणून चोळू नका. काही घोड्यांची कातडी त्याने भाजल्यासारखी होते, केस झडतात. शिवाय तेलकट पायावरून तपासणीसाठी नीट नमुना घेता येत नाही, म्हणून पशुवैद्य येण्याआधी ते लावणं थांबवा आणि कधीपासून लावताय ते त्यांना सांगा.

नमुना घेणं का महत्त्वाचं, तेही सांगते, कारण प्रत्येक खाज माइटची नसते. आपल्याला पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तसा घोड्याला टाचेमागच्या खोबणीत मड फीवर होतो. ओलीने मऊ पडलेल्या कातडीत जिवाणू शिरतात. फक्त पांढऱ्या पायांवरच जखमा असतील तर उन्हाची बाधा असू शकते, आणि तिच्यामागे कधी यकृताचा आजार निघतो. त्यासाठी रक्त तपासावं लागतं. या सगळ्यांचे उपचार वेगवेगळे. तेलाची बाटली एकच.

आणि ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, तो आजार अजून सांगायचा आहे. शायर, क्लाइड्सडेल, बेल्जियन ड्राफ्ट आणि जिप्सी कॉब अशा भरघोस फेदरच्या जातींत दीर्घकालीन, वाढत जाणारा लिम्फिडिमा आढळतो. पायांतला लसीकास्राव वर वाहून जायचा तो नीट जात नाही, पाय सुजतो, कातडी जाड होते, तिला वळ्या पडतात, पुढे गाठी येतात. वळ्यांमध्ये ओल साचते, तिथे माइट आणि जंतू वाढतात, त्यांच्या दाहाने सूज आणखी वाढते. हा आजार बरा होत नाही. लवकर कळला तर रोजची हालचाल, केस कापून कातडी स्वच्छ आणि कोरडी ठेवणं, माइटचा बंदोबस्त आणि योग्य पट्टीबंधन यांनी तो बराच आवरता येतो. उशिरा कळला तर घोड्याचं चालणंच अवघड होतं. मी अशा एका घोड्याचे केस काढले तेव्हा खाली मुठीएवढ्या गाठी होत्या. मालक प्रेमळ होते, रोज खरारा करत. केस विंचरत, पण खालच्या कातडीला हात लागत नव्हता.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर : होय, फेदर काढा, पण आधी पशुवैद्यांना बोलवा आणि त्यांच्यासमोर काढा. इंजेक्शन द्यायचं की फवारा, किती दिवसांनी पुन्हा, हे तेच ठरवतील. माइटवर सर्रास वापरली जाणारी काही औषधं घोड्यांसाठी अधिकृत मान्यता असलेली नाहीत, ती पशुवैद्य आपल्या जबाबदारीवर देतात. दुसऱ्याच्या कपाटातली उरलेली बाटली आणून टोचू नका. सोबतच्या सगळ्या घोड्यांवर एकाच वेळी उपचार, बिछाना पूर्ण बदलणं, कापलेले केस पिशवीत बांधून टाकणं, पाती आणि खरारे निर्जंतुक करणं हे सगळं त्यातच आलं. खपल्या ओरबाडू नका. पाय अचानक सुजला, गरम लागला आणि घोडा लंगडू लागला तर त्याच दिवशी फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

केस पुन्हा येतील. पुरतं फेदर यायला वर्ष-दोन वर्षं, कधी जास्त लागतील.

प्रश्न : शोसाठी तोंडावरच्या लांब मिशा कापल्या तर चालतील?

कापू नका. त्या स्पर्शाच्या आहेत. नाकासमोरचं जवळचं घोड्याला दिसत नाही, तिथे तो मिशांनी चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 1 जुलै 2021 पासून त्या कापण्यावर बंदी घातली आहे. कानांच्या आतले केसही राहू द्या. कडेबाहेर आलेले तेवढे कातरा.

प्रश्न : फेदर लवकर वाढवणारी पावडर मिळते. देऊ का?

पैसे वाचवा. पोषण पुरेसं असेल तर वर पावडर टाकून केस धावत नाहीत. पोषण कमी पडतंय अशी शंका असेल तर आहार तपासून घ्या. डब्यावरचे ‘आधी-नंतर’चे फोटो बघून ठरवू नका, त्या दोन फोटोंमध्ये बहुधा नुसता काळ गेलेला असतो.

प्रश्न : हिवाळ्यात रपेटीनंतर आमचा कॉब घामाने निथळतो आणि दोन तास वाळत नाही. अंगावरचे केस काढले तर गारठेल का? तो अंगाने जरा भरलेलाही आहे.

काढा, पण कामाच्या मानाने. आठवड्यातून दोन-तीन हलक्या रपेटी असतील तर मानेखालचा भाग, छाती आणि पोटाचा खालचा पट्टा एवढंच पुरतं. पाठ झाकलेली राहू द्या. दिवस लहान होऊ लागले की हिवाळी केस यायला सुरुवात होते, म्हणून पहिली कापणी ऑक्टोबरच्या सुमारास आणि शेवटची जानेवारी संपायच्या आत करण्याचा रिवाज आहे; त्यानंतर उन्हाळी केस फुटू लागतात.

अंगाने भरलेल्या कॉबला केस काढले म्हणून लगेच जाड झूल घालू नका. ऊब टिकवायला शरीर चरबी जाळतं, आणि कॉबना ते हवंच असतं. लठ्ठपणातून येणारा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतला वेदनादायक दाह, या घोड्यांना सहज गाठतो. फक्त आडोसा आणि पुरेशी वैरण हवी. म्हातारा, हडकुळा किंवा आजारी घोडा असेल तर हे लागू नाही. ‘जरा भरलेला’ म्हणजे नक्की किती, हे पशुवैद्यांकडून बोटांनी बरगड्या चाचपून ठरवून घ्या.

प्रश्न : घोडी एकोणीस वर्षांची आहे. गेली दोन वर्षं तिचे हिवाळी केस जून उलटला तरी झडत नाहीत, उलट कुरळे होतात. उन्हाळ्यात सरळ यंत्र फिरवून टाकतो. योग्य आहे ना?

यंत्र फिरवणं चूक नाही, तिला उकाड्यात बरं वाटतं. पण दोन वर्षं नुसतं यंत्रच फिरवलंत, याची मला चिंता आहे. पंधरा वर्षांपुढच्या घोड्याचे केस वेळेवर झडेनात आणि कुरळे होऊ लागले तर तो बहुधा पीयूष ग्रंथीचा विकार, म्हणजे पीपीआयडी असतो. लोक त्याला कुशिंग म्हणतात. त्यातून लॅमिनायटिसचा धोका वाढतो, जंतुसंसर्ग सहज होतात. रक्तातलं एसीटीएच हे संप्रेरक तपासतात. शरद ऋतूत ते निरोगी घोड्यातही चढतं, म्हणून अहवाल त्या ऋतूच्या मोजमापाशी ताडून बघावा लागतो. विकार निघाला तर पर्गोलाइडची गोळी रोज, बहुधा जन्मभर. या आठवड्यात तिचं रक्त तपासायला द्या.

प्रश्न : यंत्राचा आवाज ऐकला की घोडा उभाच राहत नाही. बाजारात मिळणारी शांत करणारी पेस्ट देऊन कापू का?

अशा पेस्टच्या भरवशावर मागच्या पायाशी बसू नका. आठ-दहा दिवस बंद यंत्र अंगावरून फिरवा, मग लांबून चालू करून ऐकवा. तरी जमलं नाही तर पशुवैद्यांकडून शामक औषध द्यायचं. ते दिल्यावर घोडा झोपल्यासारखा दिसतो, पण तरीही अचूक लाथ मारू शकतो. हेल्मेट घाला, एकट्याने करू नका. पाती धारदार हवीत आणि मधूनमधून हाताच्या पाठीला लावून गरम झालीत का ते बघा. पुष्कळ घोडे घाबरतात ते आवाजापेक्षा आधीच्या वेळी बसलेल्या चटक्याला.