‘पुन्हा?’

प्रश्न : ताई, मी मानसिक आजार असलेल्यांच्या एका निवासी केंद्रात पर्यवेक्षक आहे. गेल्या महिन्यात रात्रपाळीत एका मुलीने स्वतःच्या हाताला इजा करून घेतली. ड्युटीवरचा मुलगा दारातूनच ओरडला, “पुन्हा? परवाच बोललो ना आपण?” त्यानंतर ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. त्याला प्रशिक्षण मिळालेलं आहे. तीन तासांचं व्याख्यान, स्लाइड, प्रमाणपत्र, सगळं झालं. मग चुकतं कुठे?

उत्तर : त्या मुलावर आधी चिडू नका. माझ्या तोंडून याहून वाईट निघालेलं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाईंच्या हाताला पट्टी बांधताना मी म्हणाले होते, “बाहेर खरे आजारी लोक ताटकळलेत.” पट्टी मात्र उत्तम बांधली! पुढच्या वेळी त्यांनी जखम लपवली. ती चिघळली तेव्हा आम्हाला कळलं.

व्याख्यान त्याच्या डोक्यात गेलं असेलही. पण रात्री दोन वाजता दार उघडलं की डोकं मागे राहतं आणि जीभ पुढे धावते. म्हणून तालीमच लागते. दर पंधरवड्याला अर्धा तास, एका पाळीतले पाच-सहा जण आणि खरंखुरं दार. एकाने हाताला टॉवेल गुंडाळून खाटेवर बसायचं, दुसऱ्याने आत यायचं. पहिलं वाक्य काय निघतं, तेवढंच बघा. दहातल्या आठ वेळा “का केलंस?” निघतं. थांबवा, परत दाराबाहेर पाठवा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माणूस सावकाश आत येतो, तिच्या बरोबरीने खाली बसतो आणि म्हणतो, “मी आलोय. हात बघू का?” सुरुवातीला इतकं पुरतं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरायचं. जखम खोल असेल, गुंगी दिसली, काही गिळल्याची नुसती शंका आली, तरी बोलणं नंतर. आधी डॉक्टर किंवा ॲम्ब्युलन्स. फोन कोण करणार, तिच्याजवळ कोण थांबणार, हे तालमीत खरंच करून बघा. आमच्या अशाच एका तालमीत कळलं, की प्रथमोपचाराच्या कपाटाची किल्ली रोज संध्याकाळी दिवसपाळीच्या नर्सच्या पर्समधून घरी जाते!

शेवटी खाटेवर बसलेल्याला विचारा, कसं वाटलं. आमचा एक धिप्पाड वॉर्डबॉय म्हणाला होता, “सगळे टॉवेलकडे बघत होते. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही.” माझ्या सगळ्या स्लाइड त्या दिवशी फिक्या पडल्या.

जखमेचं बघून झालं, ती जरा सावरली, की एक प्रश्न सरळ विचारायचा : “मरावंसं वाटत होतं का?” विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. कधी उत्तर येतं, “नाही, आतला कल्लोळ थांबवायचा होता.” कधी “हो” येतं, मग तिला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांना तेव्हाच कळवायचं, सकाळची वाट बघायची नाही. आजचं “नाही” उद्याही तसंच राहील असं धरून चालू नका. गुण देऊन धोका मोजणारे तक्तेही इथे कामाचे नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की पुढे काय घडेल याचं भाकीत करायला ते वापरू नयेत. आणि ‘पुन्हा करणार नाही’ असं लिहून सही घेत असाल, तर तो कागद बंद करा. त्याने कर्मचाऱ्याला झोप लागते, निवासी लपवायला शिकते.

पाळी बदलतानाच्या वहीत ‘लक्ष वेधण्यासाठी केले’ हे वाक्य सापडेलच. त्यावर मी मार्शा लिनेहन यांचं उदाहरण देते. स्वतःला वारंवार इजा करणाऱ्यांसाठी आज जगभर वापरली जाणारी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी त्यांनी उभी केली. 1961 मध्ये, सतराव्या वर्षी, त्या स्वतः अशाच इजांसाठी रुग्णालयात होत्या, एकांत खोलीत ठेवलेल्या. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं 2011 मध्ये. तुमच्या वहीत त्या मुलीबद्दल काय घडलं, आधी काय झालं होतं, नंतर कशाने शांत झाली, एवढंच येऊ द्या. ‘नाटक’ हा शब्द दिसला तर खोडा.

राहिला तो मुलगा. घटनेनंतर त्याला कुणी विचारलं का, की तू बरा आहेस ना? रक्त बघून माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस पुष्कळदा ओरडतो. त्याला तुमच्याकडे मोकळं होऊ द्या. राग आला असेल तर तोही बोलू दे, निवासींच्या कानावर न जाता. मग त्याने त्या मुलीकडे जावं. “त्या रात्री मी घाबरलो होतो, म्हणून ओरडलो. तुझी चूक नव्हती,” एवढं म्हणावं आणि उत्तराची वाट न बघता बसता आलं तर थोडा वेळ बसावं. जाण्याआधी हे वाक्यसुद्धा एकदा तुमच्यासमोर म्हणून बघू दे त्याला.