पहिल्यांदा गाडी काढताना: नव्या स्वयंसेवकास

नागपुरात रुग्णांना गाडीने रुग्णालयात नेण्या-आणण्याच्या या कामाला तुम्ही येताय, फार बरं वाटलं. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

आदल्या दिवशी फोन करा आणि रुग्णालय नेमकं कोणतं ते विचारून घ्या. ‘मेडिकलला’, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ‘जायचंय’ म्हणणाऱ्यांचा कागद पुष्कळदा सुपर स्पेशालिटी रुग्णालयाचा निघतो, आणि त्या दोन वेगळ्या जागा आहेत. मिहानच्या एम्सला जायचं असेल तर वर्धा रोडवरच्या गर्दीचा वेळ हाताशी ठेवा. जुनी फाईल आणि आधार कार्ड घेतलं का, तेही विचारा.

नवीन माणसाची घाई होते ती चढवता-उतरवताना. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, आजींना आधी पाठमोरं बसू द्या, मग पाय आत. दंडाला धरून ओढू नका. त्यांनाच तुमचा हात धरू द्या. डायलिसिसच्या रुग्णाचा फिस्टुलाचा (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला) हात तर अजिबात दाबायचा नाही. डायलिसिसला साधारण 4 तास लागतात, नंतर थकवा येतो, चक्करही येते. परतताना गप्पांचा आग्रह नको.

मे महिन्यात गाडी आधी थंड करून मगच दारात न्या.

औषधांबद्दल सल्ला देऊ नका, कितीही माहीत असलं तरी. छातीत दुखतंय, श्वास लागतोय, असं कुणी म्हटलं तर स्वतः नेण्याचं धाडस नको, लगेच 108 लावा.

व्हीलचेअर, स्ट्रेचर नंतर शिकू. पहिल्या फेरीला चालता येणारा रुग्णच मागून घ्या.