सायकलचा अलार्म आधी स्वतःच चोर होऊन तपास

अलार्म घेतलास ते बरं केलंस, पण खोक्यावर ११० डेसिबल छापलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस. आकडा अगदी जवळून मोजलेला असतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत साधारण ६ डेसिबल कमी होतात. म्हणून सायकल रोजच्या जागी, खाली पार्किंगमध्ये लाव, मित्राला हलवायला सांग आणि तू वर दार लावून, पंखा चालू ठेवून ऐक. (शेजाऱ्यांना आधी कल्पना दे. मी दिली नव्हती.)

खरी गोम संवेदनशीलतेची. हँडलला टिचकी मारली तर गप्प राहायला हवा, पण कुलपाला हिसका दिला किंवा मागचं चाक उचललं की लगेच बोंबलला पाहिजे. मी हौसेने सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवला होता. रस्त्यावरून बुलेट धडधडत गेली की हा सुरू! तिसऱ्या रात्री वॉचमनने खुर्चीवरून उठणंच सोडलं. लांडगा आला रे आला, तसलीच गत. आता मधल्या पातळीवर आहे.

पावसाळ्याआधी मगाने वरून पाणी ओतून बघ. आवाज घोगरा आला तर स्पीकरच्या जाळीत पाणी शिरलंय समज. सेल उतरले की आवाज आधी बारीक होतो, तेव्हा महिन्यातून एकदा वाजवून घे.

आणि हो, अलार्म सीटखाली बसव, हँडलवर नको. नुसत्या प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला डबा कटरने क्षणात निघतो. फ्रेममधून यू-लॉक, म्हणजे यू आकाराचं दणकट कुलूप, मात्र घालच.