वाळीत टाकणे धर्मस्वातंत्र्यात बसते का?

आपण विचारले आहे की, एखाद्या धर्मसमूहाने आपल्याच माणसाला बहिष्कृत केले तर धर्मनिरपेक्ष राज्याने मध्ये पडावे का, आणि पडल्यास तो त्या समूहाच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला ठरत नाही का. माझ्या मते राज्याने मध्ये पडलेच पाहिजे. पण आपण व्यक्त केलेली भीतीही खोटी नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या प्रश्नावरचा आपल्या देशातला सर्वांत महत्त्वाचा खटला मुंबईतून उभा राहिला. तिथे १९४९ साली बहिष्कार प्रतिबंधक कायदा झाला आणि कोणत्याही समाजाने आपल्या सदस्याला बहिष्कृत करणे अवैध व शिक्षापात्र ठरले. दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाचे ५१ वे दाई म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि १९६२ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणावरून एखाद्याला बाहेर काढणे हा संप्रदायाच्या अंतर्गत धार्मिक व्यवहाराचा भाग असून त्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ चे संरक्षण आहे, आणि त्यामुळे त्या व्यक्तीच्या नागरी हक्कांना बाध आला तरी या संरक्षणात फरक पडत नाही, असे बहुमताने म्हटले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे मत एकट्याचे होते. बहिष्कृत माणूस आपल्या समाजात जवळजवळ अस्पृश्यच होतो, आणि ज्या राज्यघटनेने अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली तिच्या राज्यात माणसाची प्रतिष्ठा राखणारा हा कायदा टिकला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

बहुमताचा युक्तिवाद मी हलका मानत नाही. मूळ शिकवणच नाकारणाऱ्यालाही ज्या संप्रदायाला बाहेरचा म्हणता येत नाही, तो संप्रदाय म्हणून फार काळ उभा राहणार नाही. आणि कोण खरा अनुयायी हे सरकारी कचेरीत ठरू लागले, तर त्याची झळ सर्वांत आधी अल्पसंख्य पंथांनाच लागेल. मला पटत नाही ते एकच वाक्य, नागरी हक्कांना बाध आला तरी फरक पडत नाही, हे. ते का पटत नाही, हे सांगण्यासाठी मला माझ्या आजोळी जावे लागेल.

माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातले. मी दहा-अकरा वर्षांचा असताना तिथले एक घर वाळीत पडले. जमिनीचा दावा मागे घ्यावा असा गावकीचा हुकूम होता आणि त्या घराने तो मानला नाही. त्यानंतर गिरणीवाला त्यांचे दळण घेईना. त्या घरातली बाई डबा ओट्यावर ठेवी आणि तो पट्टा उतरवून बसून राही. लावणीला एकही गडी आला नाही. शिमग्यात देवाची पालखी घरोघर निघाली, तेव्हा त्या घरातली आजी सारवलेल्या अंगणात नारळ-तांदळाचे ताट घेऊन सकाळपासून बसली होती. ढोल वाजत पालखी त्यांच्या गडग्यापर्यंत आली आणि तिथूनच पुढच्या घराकडे वळली. दळणाचा डबा भरलेलाच परत आला त्या दिवशी आजी रडली नव्हती. पालखी वळली त्या दिवशी रडली.

राज्याच्या अधिकाराची हद्द मी गिरणी आणि पालखी यांच्यामध्ये आखत असे. दळण, किराणा, पाणी, मजुरी हे व्यवहार नागरिकाचे आहेत आणि ते तोडण्याचा अधिकार कोणत्याही धर्माने कोणाला दिलेला असला तरी राज्याने तो मानू नये. विधी, दीक्षा, प्रसाद, धर्मगुरूचा आशीर्वाद हे मात्र देणाऱ्याच्या श्रद्धेवर सोडावे. आजही ढोबळमानाने हेच मला योग्य वाटते, परंतु त्या पालखीने माझी रेघ पुसट केली आहे. ती अडवण्यामागे श्रद्धेचा कोणताही वाद नव्हता. त्या घराची देवावरची निष्ठा कोणी नाकारली नव्हती. जमिनीच्या भांडणात देव हत्यार म्हणून वापरला गेला होता. शिक्षा धार्मिक आणि कारण ऐहिक असेल, तेव्हा धर्मस्वातंत्र्याचा आधार घेण्याचा हक्क उरतो असे मला वाटत नाही.

बहिष्कृताला समाजाच्या कब्रस्तानात जागा द्यावी का, हा प्रश्न याहून अवघड आहे. दफनविधी धार्मिकच असतो, पण मेलेल्या माणसाला आईबापांशेजारी जागा मिळणे हा केवळ विधी नव्हे, आणि ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांच्या देणग्यांवर राखलेली असते. प्रार्थना कोणी म्हणावी हे समाजाने ठरवावे. जागा मात्र नाकारता येऊ नये, असे माझे मत आहे.

१९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून न्यायालये एखादी प्रथा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का, हे तपासत आली आहेत. ही कसोटी मला चुकीच्या दिशेची वाटते. तिच्यामुळे न्यायाधीशांना शास्त्रार्थ करावा लागतो, आणि जी प्रथा अत्यावश्यक ठरते तिच्याखाली दबलेल्या माणसाचा विचार नंतर होतो. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला तेव्हा गावाने बहिष्काराचे शस्त्र उगारले आणि त्याची झळ त्यांच्या घरच्यांनाही लागली. विधवाविवाह शास्त्रसंमत आहे की नाही यावर तेव्हा पुष्कळ काथ्याकूट झाला. पण शास्त्र विरोधात असते तरी त्या कुटुंबाला वाळीत टाकणे न्याय्य ठरले नसते.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. जातपंचायतींविरुद्धच्या चळवळीतून तो आला असला तरी त्यातली समाजाची व्याख्या जातीपुरती नाही, धर्म आणि पंथही तिच्यात येतात. म्हणजे १९६२ चा निर्णय कायम राहिला तर त्याची सावली या कायद्यावरही पडू शकते. म्हणूनच १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बोहरा समाजाचा जुना प्रश्न शबरीमला मंदिरातील स्त्रियांच्या प्रवेशाच्या प्रकरणासाठी नेमलेल्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला, याला मी मोठे महत्त्व देतो. १९४९ चा कायदा तोवर नव्या कायद्याने रद्दही झाला होता, तरीही बहिष्काराच्या प्रथेला घटनेचे संरक्षण आहे का, हा प्रश्न पीठाने मिटला असे मानले नाही.