झोपेत दात खाणाऱ्या नव्या भिडूला

सकाळी कानशिलं ठणकतात, जबडा आखडतो, असं परवा तू सातपूरच्या टपरीवर म्हणालास. घरचे म्हणतील, पोटात जंत झालेत. माझ्या आईने तर औषधही पाजलं होतं! बहुधा हा टार्गेटचा ताण आहे. झोपेत दात खाणाऱ्याला स्वतःला पत्ता नसतो. रूममेटला विचार, रात्री करकर आवाज येतो का.

हलक्यात घेऊ नकोस. दातावरचं इनॅमल एकदा झिजलं की परत येत नाही. मी दोन वर्षं अंगावर काढलं, शेवटी दाढेचा कोपरा तुटला, तोही मिसळ खाताना. नाशिककराला याहून मोठी नामुष्की कुठली!

दिवसा एक सवय लाव: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. मशीनवर मान घालून काम करताना मधेच तपासून बघ, जबडा आवळलेला सापडेल. रात्रपाळीत गोड चहा मोजून घे. ताणाने तोंड कोरडं पडतं, लाळ कमी झाली की कीड लवकर लागते, त्यात साखरेची भर. आणि दमलो म्हणून ब्रश न करता झोपायचं नाही.

डेंटिस्टला दाखव. नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं कव्हर, लागेल म्हणाले तर माप देऊनच बनवून घे, तयार मिळणारं नीट बसत नाही. त्याने दात वाचतात, दात खाणं थांबेलच असं नाही. पहिला आठवडा तोंडात चप्पल ठेवल्यासारखं वाटेल. फेकू नकोस. सकाळी गार पाण्याने धुऊन डबीत ठेव, गरम पाण्यात आकार बिघडतो.