टीओसी, डीबीएमएस पास होण्यापुरतं ठेवून सगळा वेळ वेब डेव्हलपमेंटला दिला तर चालेल का?

थर्ड इयर कॉम्प्युटरला टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन), डीबीएमएस (डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम) असे थिअरीचे विषय जेमतेम काढून सगळा वेळ रिअ‍ॅक्ट आणि नोड या वेब डेव्हलपमेंटच्या साधनांना द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: असं करू नका.

मी पुण्यात बॅकएंडचं, म्हणजे साइटच्या सर्व्हरकडच्या भागाचं काम करतो आणि फ्रेशर्सच्या मुलाखतीही घेतो. रिअ‍ॅक्टचा प्रोजेक्ट हल्ली जवळपास प्रत्येकाच्या रेझ्युमेवर असतो. पण "तुमच्या शॉपिंग साइटवर शेवटचा एकच नग उरलाय आणि दोघांनी एकाच क्षणी ऑर्डर दाबली, तर काय होईल?" असं विचारलं की बरेच जण गप्प होतात. उत्तर डीबीएमएसच्या ट्रान्झॅक्शनच्या (एकाच वेळचे बदल एकमेकांत न गोंधळता पूर्ण करण्याच्या) युनिटमध्ये आहे, आणि त्यावर ते पेपरात पानभर लिहून आलेले असतात.

टीओसीला सगळ्यांत जास्त शिव्या बसतात, म्हणून त्याचंच उदाहरण देतो. 20 जुलै 2016 ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामर्सची प्रश्नोत्तरांची साइट 34 मिनिटं बंद पडली. कारण होतं एक साधं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायचं सूत्र. ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्पेस काढून टाकायच्या, एवढंच त्याचं काम. एका पोस्टमध्ये मध्येच सलग सुमारे 20,000 स्पेस आल्या. हे सूत्र चालवणारं इंजिन पहिल्या स्पेसपासून निघालं, सगळ्या स्पेस ओलांडल्या आणि पुढे अक्षर आलं, म्हणजे हा काही ओळीचा शेवट नव्हे. मग दुसऱ्या स्पेसपासून पुन्हा तेच, मग तिसऱ्या. 20,000 अधिक 19,999 अधिक 19,998 अशी बेरीज करा, 20 कोटींच्या आसपास तपासण्या होतात. त्यात ती पोस्ट होमपेजवर होती, आणि सर्व्हर चालू आहे की नाही हे लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या सर्व्हर्समध्ये वाटणारी यंत्रणा) होमपेज मागवूनच बघत होता. त्यामुळे एकेक सर्व्हर बाद होत गेला. एनएफएच्या (एका वेळी अनेक स्टेट्स शक्य असलेल्या, टीओसीतल्या कल्पित यंत्राच्या) सगळ्या शक्य स्टेट्स एकदम सांभाळत मजकूर एकदाच वाचत जायचा, ही पद्धत केन थॉम्प्सन यांनी 1968 मध्येच मांडली होती. तुम्ही वहीत एनएफएचा डीएफए (एका वेळी एकच स्टेट असलेलं यंत्र) करता, त्यामागचा विचार हाच.

आता तुमची चीड कुठून येते तेही मला कळतं. कॉलेजातलं प्रॅक्टिकल बऱ्याचदा प्रॅक्टिकल नसतंच. सिनिअरचं जर्नल उतरवा, आउटपुटच्या प्रिंट चिकटवा, सबमिशनच्या आठवड्यात सह्यांसाठी रांगा लावा, एक्स्टर्नल परीक्षकासमोर पाठ केलेलं म्हणा. यात थिअरीही पदरात पडत नाही आणि कोडही लिहिता येत नाही. पण याचा राग विषयावर काढू नका.

त्यापेक्षा वर्गात जे शिकवलं ते त्याच आठवड्यात मशीनवर करून बघा. इंडेक्सिंग (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून क्रमवार सूची ठेवणं) झालं? मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ऑर्डर्सचं एक टेबल करा, स्क्रिप्टने 10 लाख ओळी भरा, एका शहराच्या एका दिवसाच्या ऑर्डर्स काढा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मग आधी शहर, नंतर तारीख असा दोन कॉलमचा इंडेक्स टाकून तीच क्वेरी चालवा. फरक डोळ्यांना दिसेल. नंतर शहर काढून नुसत्या तारखेवर सगळे कॉलम मागवा आणि एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी कमांड) लावा. हा इंडेक्स इथे सहसा कामी येत नाही. असं का, हे बी प्लस ट्रीची (इंडेक्स ज्या झाडासारख्या रचनेत साठवतात तिची) आकृती काढून स्वतः शोधा. त्याच्या पानांमध्ये (सगळ्यांत खालच्या लीफ नोड्समध्ये) नोंदी आधी शहराने आणि मग तारखेने लावलेल्या असतात, एवढी खूण पुरे. ही एक संध्याकाळ दहा ट्युटोरियलपेक्षा जास्त शिकवते.

शेल (कमांड टाइप करून मशीन चालवणं), गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), डीबगिंग (कोडमधल्या चुका शोधणं) हे सहसा कुठल्याच पेपरात येत नाही, पण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागतं. त्यासाठी एमआयटीचा 'मिसिंग सेमिस्टर' हा कोर्स ऑनलाइन फुकट आहे, तो करा. रिअ‍ॅक्ट जरूर शिका, त्याला एक सुट्टी पुरेल.

आणि फायनल इयरला रेडिमेड प्रोजेक्ट विकत घेऊ नका. ग्रुपमधले बाकीचे तयार असले तरी अडून बसा. चार स्क्रीनचा का असेना, ज्याची प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता येईल असाच प्रोजेक्ट करा. मुलाखतीत मी त्यावरच अर्धा तास बोलतो.